अर्पण एकदाच झाले, तर ख्रिस्ताची मध्यस्थी आजही कशासाठी?

वाचनप्रेमी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा अभ्यास करताना मी सातव्या अध्यायापाशी अडखळले आहे. ७:२७ मध्ये ख्रिस्ताने स्वतःला अर्पण करून हे कार्य एकदाच केले असे स्पष्ट म्हटले आहे, आणि पुढे नवव्या व दहाव्या अध्यायांत हा मुद्दा इतक्या वेळा येतो की त्याबाबत शंकेला जागाच उरत नाही. परंतु त्याच सातव्या अध्यायात, दोनच वचने आधी, तो आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे असेही लिहिले आहे. जे काम पूर्ण झाले, त्यासाठी अखंड रदबदली कशाला लागावी?

या प्रश्नाचा माझ्या प्रार्थनेवर परिणाम होतो, म्हणून तो येथे मांडत आहे. ख्रिस्त पित्याजवळ माझ्यासाठी रदबदली करीत आहे असे मनात आणले, की पिता माझ्यावर नाराज आहे, पुत्र त्याची समजूत काढत आहे आणि ती समजूत रोज नव्याने काढावी लागत आहे, असे चित्र नकळत उभे राहते. मग प्रार्थनेला बसताना पुत्राविषयी प्रेम वाटते आणि पित्याविषयी धास्ती. उलट, सर्व काही वधस्तंभावरच संपले असे धरून चालले, तर स्वर्गात ख्रिस्त आज काय करीत आहे हेच कळेनासे होते. जणू तो निवृत्त झाला आहे.

याला लागूनच दुसरी शंका आहे. ४:१५ प्रमाणे तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. ज्याने पाप केलेच नाही, त्याला पुन्हा पुन्हा त्याच पापात पडणाऱ्याची अवस्था कशी उमगणार? ज्यांनी या पत्राचा अधिक अभ्यास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उपासक

ताई, आपल्या अडचणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. याजकाचे काम म्हणजे बळी मारणे, आणि बळी मेला की काम संपले, असे आपण समजून चालतो. लेवीय पुस्तक तसे सांगत नाही. चौथ्या अध्यायात सामान्य माणसाच्या पापार्पणाचा विधी दिला आहे, तो सावकाश वाचून पाहावा. ज्याच्या हातून पाप घडले तो मनुष्य स्वतः जनावर घेऊन येतो, त्याच्या मस्तकावर आपला हात ठेवतो आणि त्याचा वधही तोच करतो. याजकाचे काम त्यानंतर सुरू होते. तो ते रक्त आपल्या बोटाने होमवेदीच्या शिंगांना लावतो, उरलेले वेदीच्या पायथ्याशी ओततो, चरबीचा होम करतो आणि त्या माणसासाठी प्रायश्चित्त करतो. म्हणजे मरण आवश्यक आहेच, पण ते अर्पण देवासमोर नेणे हे याजकपणाचे खरे अंग आहे.

सोळाव्या अध्यायातील प्रायश्चित्ताच्या दिवशी हे अधिक ठळक होते. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रमुख याजक आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा आणि मग लोकांसाठी बकरा अर्पण करीत असे. दोन्ही वध बाहेर होत. परंतु त्या दिवसाचा सारा भार पुढच्या काही पावलांवर होता. तो निखाऱ्यांनी भरलेले धूपदान आणि ओंजळभर बारीक कुटलेला धूप घेऊन अंतरपटाच्या आत, म्हणजे परमपवित्रस्थानात, जाई, धूप निखाऱ्यांवर टाकून त्याच्या धुराने दयासन (कराराच्या कोशाचे झाकण) झाकून टाकी, आणि मग दयासनासमोर सात वेळा रक्त शिंपडी. तो बाहेर येईपर्यंत दर्शनमंडपात दुसऱ्या कोणीही असू नये अशी आज्ञा होती. सगळे लोक बाहेर, आणि त्यांच्या वतीने एकटा मनुष्य आत.

(येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रमुख याजक आत मरण पावला तर ओढून काढता यावे म्हणून त्याच्या पायाला दोर बांधत आणि घुंगरांचा आवाज थांबला की बाहेरच्यांना ते कळे, असे प्रवचनांतून सर्रास ऐकू येते. दोराचा उल्लेख शास्त्रात कोठेही नाही. ती फार नंतरची आख्यायिका आहे. घुंगरे होती ती निर्गम २८ मधील निळ्या झग्याच्या घेराला, आणि त्या दिवशी परमपवित्रस्थानात जाताना तर त्याने तागाची साधी वस्त्रे घालावी असे लेवीय १६:४ सांगते. मूळ मजकूर इतका बोलका असताना ही मीठमिरची कशाला लावतात, हे मला कळत नाही.)

आता इब्री ९:२४ वाचावे. ख्रिस्त हातांनी केलेल्या पवित्रस्थानात गेला नाही; तो प्रत्यक्ष स्वर्गात गेला, आणि तो कशासाठी, तर आपल्यासाठी देवासमोर उभा राहण्यासाठी. लेखकाच्या दृष्टीने वधस्तंभ आणि स्वर्गारोहण या एकाच विधीच्या दोन पायऱ्या आहेत. वध बाहेर, वेशीबाहेर झाला. प्रवेश आत झाला. तो प्रवेशही एकदाच झाला, कारण ९:२५ म्हणते की त्याला वर्षानुवर्षे आतबाहेर करावे लागत नाही. तो आत गेला आणि आतच आहे. सातव्या अध्यायातील मध्यस्थी म्हणजे अर्पणात घातलेली भर नव्हे. अर्पण केलेला तो स्वतः जिवंत असून आपल्या वतीने देवासमोर आहे, हीच ती मध्यस्थी.

दहाव्या अध्यायातील एक बारकावाही पाहण्यासारखा आहे. जुना याजक रोज उभा राहून सेवा करतो, आणि ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून बसला आहे. निर्गमात पवित्रस्थानातील सामान सांगितले आहे; त्यात समर्पित भाकरीचे मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला बसण्यासाठी आसन नाही. त्यांचे काम कधी संपतच नसे. ख्रिस्त बसला याचा अर्थ अर्पणाचे काम संपले असा आहे; तो निवृत्त झाला असा नाही, कारण ज्या आसनावर तो बसला आहे ते राजासन आहे. स्तोत्र ११० मध्ये पहिल्या वचनात परमेश्वर त्याला उजवीकडे बसण्यास सांगतो आणि चौथ्या वचनात त्याला मलकीसदेकाच्या परंपरेप्रमाणे युगानुयुग याजक म्हणतो. इस्राएलात ही दोन पदे वेगळी ठेवली होती. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात शिरला तेव्हा त्याच्या कपाळावर कोड फुटले, ही हकिकत २ इतिहास २६ मध्ये आहे. शालेमाचा राजा आणि परात्पर देवाचा याजक असा मलकीसदेक उत्पत्ति १४ मध्ये क्षणभर येऊन जातो, आणि यहूदा वंशातील येशूला याजक म्हणण्यासाठी हे पत्र त्याच्याकडेच वळते.

आपल्या मनातील रदबदलीच्या चित्रासाठी निर्गम २८ पुरेसे आहे. पवित्रस्थानात सेवेला जाताना प्रमुख याजकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेद रत्न असे आणि प्रत्येकावर सहा वंशांची नावे कोरलेली असत. छातीवरील ऊरपटात बारा रत्ने, प्रत्येकावर एकेक नाव. आत गेल्यावर त्याने प्रत्येक नावासाठी वाद घालावा असे कोठेही सांगितलेले नाही. नावे त्याच्या अंगावरच होती, म्हणून तो आत गेला की तीही आत जात.

साधा विश्वासी

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी नोंदवतो. वध आणि प्रवेश यांत इतके अंतर पाडू नये की वधस्तंभावर काही अपुरे राहिले होते असा भास व्हावा. १०:१४ प्रमाणे एकाच अर्पणाने त्याने पवित्र होणाऱ्यांना सर्वकाळासाठी पूर्ण केले आहे.

आता पित्याविषयीच्या धास्तीकडे वळतो, कारण माझ्या मते ताईंचा मूळ प्रश्न तोच आहे. पुत्र दयाळू आणि पिता कठोर ही वाटणी शास्त्रात कोठेच नाही. लेवीय १७:११ मध्ये देव म्हणतो की वेदीवर प्रायश्चित्त व्हावे म्हणून रक्त मीच तुम्हांला दिले आहे. म्हणजे जुन्या करारातदेखील अर्पणाची सोय देवाकडूनच होती. रुसलेल्या देवाला मनवण्यासाठी माणसाने शोधलेला तो उपाय नव्हता. रोमकरांस ३:२५ मध्ये ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवणारा देवच आहे. आणि योहान १६:२६-२७ हे वचन तर आपल्या शंकेसाठीच लिहिल्यासारखे आहे. तेथे येशू शिष्यांना सांगतो की मी तुमच्यासाठी पित्याला विनंती करीन असे मी म्हणत नाही, कारण पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो. ज्याला आपण मध्यस्थ म्हणतो त्यानेच आपल्या मध्यस्थीविषयीचा हा गैरसमज आधीच दूर करून ठेवला आहे. पुत्राला पित्यानेच याजक नेमले, असे इब्री ५:५ सांगते. तेव्हा पुत्राची मध्यस्थी हीच पित्याची इच्छा आहे.

मग मध्यस्थीने प्रत्यक्षात काय होते? याचे एकच उदाहरण आपल्याला जवळून पाहता येते, ते लूक २२:३१-३२ मध्ये. सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळण्यासाठी मागितले आहे, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, असे प्रभू शिमोन पेत्राला सांगतो. ही प्रार्थना पेत्राने काहीही करण्यापूर्वी झाली होती. तिने त्याचे पतन टळले नाही. त्याच रात्री त्याने तीनदा नाकारले आणि तेही शपथा वाहून. तरीही ती प्रार्थना व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही, कारण प्रभूने लगेच पुढे म्हटले होते की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. वळणे गृहीतच धरलेले होते. अंगणातून बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडणारा पेत्र पुन्हा शिष्यांमध्ये सापडतो. तो स्वतःच्या बळावर तेथवर आला असे समजायला त्या रात्रीच्या हकिकतीत काहीच आधार नाही. इब्री ७:२५ मधील मध्यस्थी मी तरी अशीच समजतो: तिच्यामुळे देवाचे मन बदलत नाही, आपला विश्वास टिकतो.

दुसऱ्या शंकेबाबत. ज्याने पाप केले आहे त्यालाच पापी माणसाचा कळवळा येतो, हे ऐकायला पटते, पण शास्त्रातील माणसे तसे वागताना दिसत नाहीत. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दावीदाला गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. त्या वेळी दावीद व्यभिचार आणि खून यांत आकंठ बुडालेला आहे. या अनुभवाने तो मऊ झाला आहे का? तो संतापतो आणि मेंढी नेणारा मरणदंडाला पात्र आहे असा निवाडा देतो. चोरीला नियमशास्त्रातही एवढी शिक्षा नव्हती. मत्तय २७ मधील प्रसंग तर याजकांचाच आहे. येशूला धरून देणारा आणि आता पश्चात्तापाने पोळलेला यहूदा मंदिरात येऊन मी पाप केले असे त्यांच्यासमोर कबूल करतो. पापकबुली ऐकून प्रायश्चित्ताची वाट दाखवणे हे ज्यांचे काम, ते त्याला म्हणतात की त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहा. ते सर्व पापी होते, आणि त्यांतल्या एकालाही पाझर फुटला नाही. पापाने माणूस पाप्याला समजून घेतो असे नाही. बहुधा तो निर्ढावतो, किंवा स्वतःला झाकण्यासाठी दुसऱ्यावर तुटून पडतो.

शिवाय मोहाचा जोर कोणाला जास्त कळतो, याचाही विचार करावा. आपण लवकर हार मानतो आणि हार मानताक्षणी तो ताण संपतो. गेथशेमानेत ज्याने शेवटपर्यंत हार मानली नाही, त्याने तो ताण शेवटपर्यंत सोसला. इब्री ५:७ मधील मोठा आक्रोश आणि अश्रू त्याचेच आहेत. अशा याजकाला आपली दुर्बलता परकी नाही.

वेदीसेवक

मी कॅथलिक आहे. हा पैलू येथे राहून जाईल असे वाटले म्हणून लिहितो. एकदाच झालेले अर्पण आणि मिस्सा बलिदान (आमची भाकर व द्राक्षारसाची उपासना) यांचा मेळ कसा बसतो, असे आम्हांला नेहमी विचारले जाते, आणि पुष्कळदा प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले असते. मिस्सा म्हणजे ख्रिस्ताला पुन्हा मारणे, अशी आमच्या चर्चची शिकवण नाही. १५६२ मध्ये आमच्या चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने मांडले की बळी तोच आहे आणि अर्पण करणाराही तोच, जो आता धर्मगुरूंच्या सेवेद्वारे अर्पण करतो. फक्त अर्पणाची रीत निराळी आहे. उपासक यांनी वर वध आणि प्रवेश यांविषयी जे लिहिले आहे, त्याच्या आधारे ही शिकवण समजायला सोपी जाते. मिस्सेत नवा वध होत नाही. जो देवासमोर कायम उपस्थित आहे त्याच्या एकाच अर्पणात मंडळी सहभागी होते. प्रोटेस्टंट बांधवांना हे पटत नाही याची मला कल्पना आहे आणि तो वाद येथे उकरून काढण्याची इच्छा नाही.

मात्र एका बाबतीत अंतर समजले जाते तितके मोठे नाही. सर्व विश्वासणारे याजक आहेत हा मुद्दा धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्ये जोरकसपणे मांडला, आणि त्यामुळे तो केवळ प्रोटेस्टंटांचा मानला जातो. परंतु १ पेत्र २:९ आमच्याही शास्त्रात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांच्या याजकपणाचा स्पष्ट उल्लेख केला. धर्मगुरूंचे सेवायाजकत्व त्याहून केवळ प्रमाणाने नव्हे तर स्वरूपानेच निराळे असल्याचे तिने तेथेच म्हटले, आणि मतभेद उरतो तो तेथे. दोन्हींचा उगम एकच आहे, तो म्हणजे ख्रिस्ताचे याजकपण.

ताईंनी मध्यस्थीचा प्रश्न प्रार्थनेपुरता मांडला आहे. इब्री पत्राचा तेरावा अध्याय तो पुढे नेतो. तेथे आपण अर्पावयाची दोनच अर्पणे सांगितली आहेत. एक ओठांचे, म्हणजे स्तुती; दुसरे हातांचे, म्हणजे चांगले करणे आणि आपल्याजवळचे इतरांना देणे. पापासाठी यांतले एकही नाही. ते अर्पण झाले आहे, म्हणूनच ही दोन मोकळ्या मनाने करता येतात. एखाद्याला मदत करताना आपण देवाकडे काही जमा करीत आहोत, ही भावना मनातून काढून टाकायला मला हा अध्याय फार उपयोगी पडला.

वाचनप्रेमी

तिघांचेही मनापासून आभार. योहान १६ मधील ते वचन मी अनेकदा वाचले असेल, पण या प्रश्नाशी त्याचा संबंध कधी लक्षात आला नव्हता.

आता एकच विचारते. इब्री १०:२६ मध्ये सत्याचे ज्ञान मिळाल्यानंतर आपण बुद्धिपुरस्सर पाप करीत राहिलो, तर पापासाठी अर्पण उरत नाही असे म्हटले आहे. माझी पापे अजाणतेपणी घडत नाहीत. चूक आहे हे कळत असताना मी कठोर बोलते, कळत असताना मत्सर बाळगते. मग ज्या याजकाविषयी आपण एवढे बोललो, तो माझ्यासाठी उरत नाही का?

उपासक

ताई, त्या वचनातील पाप कोणते, हे २९ वे वचन सांगते. देवाच्या पुत्राला पायांखाली तुडवणे, कराराचे रक्त अपवित्र मानणे, कृपेच्या आत्म्याचा अपमान करणे. लेखकासमोर जे वाचक होते त्यांच्यापैकी काही जण एकत्र जमणे सोडू लागले होते, असे २५ व्या वचनावरून दिसते, आणि ख्रिस्ताला सोडून देण्याचा धोका त्यांच्यापुढे होता. एकमेव अर्पणच नाकारले तर दुसरे अर्पण शिल्लक राहणार कोठून? गणना १५:३० मधील उद्दामपणे केलेल्या पापाची छाया या वचनावर आहे. मोह अनावर होऊन पडणे आणि याजकालाच झिडकारणे यांत फरक आहे. पेत्र जाणूनबुजून खोटे बोलला होता, तरी योहान २१ मध्ये प्रभूने त्याला पुन्हा मेंढरे सोपवली.

असे असले तरी हा इशारा पोकळ आहे असे म्हणून मी तो बाजूला सारणार नाही. कळत असून बाळगलेला मत्सर निरुपद्रवी नसतो, आणि माघारीची सुरुवात बहुधा अशाच ठिकाणी होते जेथे आपण कबुली देणे थांबवतो. आपण कबुली देत आहात आणि धास्तावूनही त्याच राजासनाकडे येत आहात. ज्याने पाठ फिरवली आहे त्याला हा प्रश्नच पडत नाही. खरा विश्वासणारा अखेरपर्यंत गळू शकतो की नाही, याबाबत प्रोटेस्टंटांतील कॅल्व्हिनची आणि वेस्लीची परंपरा जुन्या काळापासून वेगवेगळी उत्तरे देत आली आहे, आणि दोन्ही बाजूंच्या भल्या माणसांनी हाच अध्याय उघडून ती दिली आहेत.

माझी सूचना एवढीच आहे की १०:१९ ते ३९ हा भाग एका बैठकीत वाचावा आणि ३१ व्या वचनावर थांबू नये. भय घालणाऱ्या वचनांच्या आधी धैर्याने जवळ येण्याचे आमंत्रण आहे. नंतर लेखक त्याच वाचकांना त्यांनी सोसलेल्या छळाची आणि आनंदाने पत्करलेल्या मालमत्तेच्या लुटीची आठवण देतो, आणि आपण माघार घेणाऱ्यांपैकी नाही असे म्हणताना स्वतःलाही त्यांच्यात धरतो. बोलण्याच्या बाबतीत तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल, तर याकोब ५:१६ प्रमाणे मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीजवळ ते बोलून टाकावे आणि तिला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे. पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्या इब्री ६:४-६ चा प्रश्न याच्या जवळचा असला तरी वेगळा आहे. त्यासाठी कोणी स्वतंत्र धागा काढला तर बरे होईल, कारण तो येथे चार ओळींत उरकण्यासारखा नाही.